एक्झिट परीक्षा, रिफ्रेशर कोर्स आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट

मन्याडखोरे (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. अहमदपूर तालुक्यात गेली २३ वर्षं माझं मेडिकल आहे. मी स्वतः डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) आहे, भिंतीवरचं फार्मासिस्टच्या नोंदणीचं सर्टिफिकेट माझंच आहे आणि सकाळी शटरही मीच उघडतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

परवा रात्री दुकान आवरताना भाचा म्हणाला, "मामा, दोन वर्षं कॉलेज केलं, पाचशे तासांचं ट्रेनिंग करायलोय, तरी आणखी एक परीक्षा दिल्याबिगर माझं नाव रजिस्टरला लागणार नाही म्हणतेत. मग कॉलेजच्या परीक्षेला काय अर्थ राह्यला?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या वेळी डी.फार्म. पास व्हायचं, ट्रेनिंगचं पत्र जोडायचं आणि राज्य फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी करायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं डिप्लोमाच्या एक्झिट परीक्षेचे नियम अधिसूचित केले. त्या नियमांप्रमाणं डिप्लोमा झाला की देशपातळीवरची परीक्षा द्यायची, ती पास झाल्यावरच नोंदणी. पेपर तीन, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न, माध्यम इंग्रजी. प्रत्येक पेपरात ५० टक्के हवेत आणि तिन्ही पेपर एकाच वेळी सुटायला हवेत. किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही. परीक्षा घेण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाकडं दिलं आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ साठी जाहीर झाली.

दुसरा नियम आमच्यासारख्या जुन्या लोकांसाठी. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणं पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करायचे, प्रत्येक किमान एका दिवसाचा, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. त्यातले दोन.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. आजवर फार कुणाला सांगितलेला नाही.

चौदा वर्षं झाली. एका खेड्यातली म्हातारी, संधिवातानं दोन्ही हातांची बोटं वाकडी झालेली. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅम लिहिली होती, एका वेळी तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर ते इंग्रजीत, दोन अक्षरांच्या खुणेनं लिहिलेलं होतं. दुकानात बाजाराच्या दिवसाची गर्दी. मी गोळ्या दिल्या आणि तोंडानं म्हणालो, "तीन-तीन घ्यायच्या." एवढंच. चार दिवसांनी मुलगा आला, "आईच्या गोळ्या संपल्या, त्याच द्या." मी चिठ्ठी न मागता दिल्या. आठव्या दिवशी म्हातारी स्वतः आली. ओठ फुटलेले, तोंडात फोडच फोड, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. "शेठ, तोंड आलंय, काही लावायला द्या की." मी तोंडात लावायचं जेल काढायला वळलो आणि मग विचारलं, मावशी, दुसरं काही चालू आहे का? तिनं पदराची गाठ सोडून रिकामं पाकीट दाखवलं. "रोज तीन घ्यायलेय, तुम्ही सांगितल्यावाणी."

मला त्या औषधाचं नाव माहीत होतं, पण ते कर्करोगाच्या प्रकरणात वाचलेलं. संधिवाताला तेच औषध आठवड्यातून एकदाच देतात आणि रोज घेतलं तर रक्त तयार होणंच थांबतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच दाखल करायला सांगितलं. पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. बारा दिवस दवाखान्यात होती. वाचली. नंतर सहा-सात वर्षं माझ्याकडंच येत होती आणि एकदाही मला बोल लावला नाही. मला ते जास्त लागायचं.

दोन वर्षांनी एका रिफ्रेशर कोर्सला गेलो. सत्कार, प्रास्ताविक आणि भाषणांत दुपारचे बारा वाजले. जेवणानंतर एक प्राध्यापक जपून द्यायच्या औषधांवर पंधरा मिनिटं बोलले, त्यात मेथोट्रेक्सेट होतं. "वार ठरवून द्या, पाकिटावर मराठीत लिहा, पुन्हा घ्यायला आला तर तारीख मोजा." मी वहीत उतरवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती पंधरा मिनिटं दोन वर्षं आधी मिळायला हवी होती.

तेव्हापासून माझ्याकडं ही गोळी जाताना पाकिटावर मार्करनं मोठं लिहिलेलं असतं : "फक्त बाजाराच्या दिवशी". खेड्यातल्या माणसाला वार सांगितला तर एखाद्या वेळी चुकेल, पण बाजार कोणत्या दिवशी हे तो विसरत नाही.

परीक्षेला माझा विरोध नाही. रिफ्रेशरला तर मुळीच नाही. पण परीक्षा पास झालेला पोरगा पुण्याच्या कंपनीत आणि त्याचं सर्टिफिकेट आमच्या बाजारपेठेतल्या भिंतीवर, असं असेल तर त्या म्हातारीच्या पदरात काय पडलं? काउंटरवर कोण उभं आहे हा खरा प्रश्न आहे आणि दोन्ही नियम त्याला हात लावत नाहीत, असं माझं मत. तुमचं सांगा.

सिंदफणा

मन्याडखोरे, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही लिहितो. माझं बीड जिल्ह्यात दुकान आहे, २६ वर्षं झाली. मी बी.कॉम. आहे. पहिली सहा वर्षं सर्टिफिकेट भाड्यानं लावलेलं होतं. तो माणूस वर्षातून दोनदा यायचा, रजिस्टरवर सह्या करून पैसे घेऊन जायचा. मी त्याचं समर्थन करत नाही. तेव्हा गावात दुसरं दुकान नव्हतं, फार्मासिस्ट मिळत नव्हता आणि पोटापाण्याचा प्रश्न होता. आज माझी मुलगी बी.फार्म. (फार्मसीची पदवी) होऊन दुकानात बसते. ती आल्यापासून मला कळलं की आधीची वीस वर्षं मी किती ठिकाणी अंदाजानं औषध दिलं.

पण एक गोष्ट शहरातल्या लोकांनी समजून घ्यावी. तालुक्याच्या खाली, पाच-सात हजार वस्तीच्या गावात, महिन्याला दहा-बारा हजारांवर कोणता फार्मासिस्ट सकाळी आठ ते रात्री दहा उभा राहील? परीक्षा अवघड केली की पास होणारे कमी होतील आणि जे होतील ते गावाकडं येणारच नाहीत. मग भाड्याचा भाव वाढेल.

दुसऱ्या_वर्षाची

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका कॉलेजला डी.फार्म. दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. वडिलांची चार एकर सोयाबीन आहे.

सर, परीक्षेची भीती वाटते ती अभ्यासामुळं नाही. औषधाचं काम मला मराठीत विचारलं तर मी सांगते. प्रश्न मात्र चार ओळींचा असतो आणि त्यात "खालीलपैकी कोणतं नाही" अशी उलटी विचारणा असते. प्रश्न कळेपर्यंत वेळ जातो. तीनपैकी दोन पेपरांत चांगले गुण पडले आणि तिसऱ्यात ४८ टक्के आले तर तिन्ही पुन्हा द्यायचे. दर वेळी फी, दर वेळी प्रवास, दर वेळी घरी सांगायचं. माझ्या मैत्रिणीच्या घरचे म्हणाले, अजून परीक्षाच आहे तर आधी लग्न उरकून घेऊ. हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल का?

मन्याडखोरे सर, तुमच्या भाच्याला सांगा, एकत्र अभ्यास करायचा असेल तर आमचा सहा जणांचा गट आहे.

फळा_आणि_खडू

मी मराठवाड्यातल्या एका डी.फार्म. कॉलेजात शिकवतो. कॉलेजचं नाव सांगणार नाही, कारण जे लिहिणार आहे ते कुणा एका कॉलेजबद्दल नाही.

आधी भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. कॉलेजची परीक्षा आपल्याकडं तंत्रशिक्षण मंडळ घेतं, ती तू अभ्यासक्रम पूर्ण केलास एवढं सांगते. औषध देण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात तत्त्व म्हणून काही चूक नाही.

ही वेळ का आली ते आम्ही शिक्षकांनी कबूल करायला पाहिजे. जुलै २०१९ मध्ये फार्मसी कौन्सिलनं २०२०-२१ पासून पाच वर्षं नवी कॉलेजं देऊ नयेत असा ठराव केला, कारण कॉलेजं फार झाली होती. संस्था कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी बंदी नुसत्या ठरावानं घालता येत नाही. त्यानंतर पुन्हा नवी कॉलेजं आली. काही ठिकाणी इमारत आहे, फलक आहे, प्रयोगशाळेत काचेची भांडी मांडलेली आहेत, फक्त पोरं नाहीत. पोरं पुण्यात नाहीतर हैदराबादला कामाला असतात आणि परीक्षेपुरती येतात. त्यांना आम्ही हजेरी लावतो. मी स्वतः लावलेली आहे. वरून सांगितलं जातं आणि नोकरी टिकवायची असते.

अशा पोराच्या हातात उद्या इन्सुलिनची बाटली द्यायची का? म्हणून मला ही परीक्षा हवी आहे. ती पोरांची जेवढी आहे त्याहून जास्त आमची आहे. कोणत्या कॉलेजची किती पोरं पहिल्या फेरीत पास झाली हे जर दरवर्षी कॉलेजच्या नावानिशी जाहीर केलं, तर पालक दोन वर्षांत शहाणे होतील.

दोन आक्षेप मात्र आहेत. एक, ही परीक्षा फक्त डिप्लोमावाल्यांना आहे, बी.फार्म.वाल्याची नोंदणी तिच्याशिवाय होते. काउंटर एकच, चिठ्ठी एकच, मग चाळणी दोन प्रकारची का? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात सोशल फार्मसी आणि कम्युनिटी फार्मसी हे चांगले विषय आले. त्यात रुग्णाशी कसं बोलायचं, इनहेलर कसा दाखवायचा, हे प्रात्यक्षिकात करून घ्यायचं आहे. पर्याय निवडायच्या प्रश्नांत यातलं काय तपासता येणार? कायद्याचा पेपर पाठ करून सुटेल. मन्याडखोऱ्यांच्या म्हातारीला "बाजाराच्या दिवशी" असं सांगणं पाठ करून येत नाही.

@दुसऱ्या_वर्षाची : उलट्या प्रश्नांचा सराव हाच उपाय. प्रश्नातल्या नकाराखाली आधी बोटानं रेघ ओढायची सवय लाव. आणि मैत्रिणीला सांग, शाळा सोडू नको तशी परीक्षाही सोडू नको. तिच्या वडिलांशी बोलायला मी तयार आहे, खरोखर सांगतोय.

कयाधूचा_पाहुणा

मी फार्मासिस्ट नाही, शेतकरी आहे. धागा वाचून घाबरलो. आमच्या घरी वडिलांना बीपी, शुगर दोन्ही आहे. काउंटरवरचा माणूस शिकलेला आहे का नाही हे आम्ही कसं ओळखायचं?

मन्याडखोरे

दादा, घाबरू नका, विचारा. फार्मासिस्टनं पांढरा अॅप्रन घालायचा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावायचा, असं २०१५ च्याच नियमांत आहे. भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं असतं, त्यावर फोटो असतो. फोटोतला माणूस समोर आहे का, एवढं बघा. नसेल तर "फार्मासिस्ट कधी येतेत?" असं सरळ विचारा. कुणी रागावलं तर दुसऱ्या दुकानात जा.

कायदा तर जुनाच आहे. फार्मसी अॅक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणं नोंदणी नसलेल्या माणसानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देणं हा गुन्हा आहे. शिक्षा पूर्वी सहा महिने किंवा एक हजार रुपये दंड होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती तीन महिने किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी केली. हजार रुपयांना कुणी भीत नव्हतं. दोन लाखांना भितील, पण तपासायला माणूस आला तर. औषध निरीक्षकांकडं दुकानं किती आणि त्यांची माणसं किती, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तेरणाकाठची

मी धाराशिव जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी आहे. इथं सगळे मेडिकल दुकानांबद्दल बोलतायत, आमच्या खिडकीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

ओपीडीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत खिडकीबाहेर रांग असते. एका माणसाला माझ्याकडून मिळतात फार तर चाळीस सेकंद. त्यात गोळ्या मोजायच्या, नोंद करायची, सकाळ-संध्याकाळ सांगायचं. तरी त्यातच कधी काहीतरी हाती लागतं. गेल्या वर्षीची गोष्ट. एक बाई, साठीच्या, आमच्याकडून इन्सुलिनची बाटली नेतात. साखर खाली येईना म्हणून डॉक्टर दर महिन्याला मात्रा वाढवत होते. वीसवरून तीस, तीसवरून चाळीस. मला वाटलं, बाटली घरी उन्हात राहत असेल. विचारलं तर म्हणाल्या, माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवते. म्हणजे ते ठीक होतं. मग म्हटलं, मावशी, सुई कशी भरता ते दाखवा. पिशवीतून त्यांनी सिरिंज काढली आणि मी टोपी बघितली. केशरी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. एका मिलिलिटरला १०० युनिटवालीची टोपी केशरी. मुलानं गावातून आणलेली सिरिंज केशरी टोपीची होती. तिच्यावर ४० च्या रेघेपर्यंत भरलं की पोटात जातात फक्त १६ युनिट. डॉक्टर ४० समजून चालले होते. आता विचार करा, या बाई कधी आजारी पडून दाखल झाल्या असत्या आणि नर्सनं बरोबर लाल टोपीच्या सिरिंजनं खरोखरचे ४० दिले असते, तर साखर एवढी पडली असती की त्या उठल्याच नसत्या. मी चिठ्ठी घेऊन स्वतः डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी मात्रा पुन्हा खालून सुरू केली.

त्या दिवशी माझ्या खिडकीवर दहा मिनिटं काम थांबलं आणि रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला. त्यांचंही चुकलं नाही.

रिफ्रेशरबद्दल : मला रजा मिळत नाही. खिडकी बंद ठेवून जिल्ह्याला जाणं म्हणजे त्या दिवशी तीनशे लोकांना औषध नाही. कोर्स तालुक्याला घ्या, दुपारनंतर दोन-दोन तासांचा घ्या, तीन आठवड्यांत मिळून एक दिवस मोजा. आणि आम्ही सरकारी व तुम्ही दुकानदार एकत्र बसू या. ती केशरी टोपीची सिरिंज कुठल्या तरी दुकानातून गेलीच होती ना?

जुनं_खातं

माझं वय ६७. चाळीस वर्षं काउंटरवर आहे. आता कुणी कोर्स करा म्हणून सर्टिफिकेट मागत असेल तर वाईट वाटतं. अनुभवाला काहीच किंमत नाही का?

तेरणाकाठची

काका, अनुभवाला किंमत आहे म्हणूनच तुम्ही यायला हवं. तुम्ही शिकवायला या. पण तुम्ही काउंटरवर बसलात तेव्हा जी औषधं नव्हती ती आज तुमच्या कपाटात आहेत. मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या (काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी) औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, तीन वर्षं जपावं लागतं. ही पद्धत तुमच्याही अनुभवात नव्हती, कुणीतरी सांगितली तेव्हाच कळली.

जुनं_खातं

ते खरं आहे, पोरी. येईन.

परभणी_ते_लीड्स

मी परभणीचा, बी.फार्म. मराठवाड्यातच झालं, आता इंग्लंडात फार्मासिस्ट आहे. इथलं सगळं चांगलं आणि तिथलं सगळं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही, फक्त पद्धत सांगतो.

इथंही पदवीनंतर एक वर्ष प्रत्यक्ष काम आणि मग नोंदणीची परीक्षा असते. प्रयत्न फक्त तीन. तिसऱ्यांदा गेलात की संपलं. त्या मानानं आपल्याकडं मर्यादा नाही ही मोठी माया आहे, @दुसऱ्या_वर्षाची, तेवढं मनात ठेव.

नोंदणीनंतर शिकत राहण्याचा नियम २०१८ पासून बदलला. तासांचा हिशेब नाही. दरवर्षी सहा नोंदी लिहायच्या : चार नवीन शिकलेल्या गोष्टींच्या, एक सहकाऱ्याशी झालेल्या चर्चेची आणि एक आपल्या कामाकडं मागं वळून बघितल्याची. प्रत्येक नोंदीत लिहावं लागतं की याचा माझ्या रुग्णाला काय उपयोग झाला. खरं उदाहरण द्यावं लागतं. माझी पहिल्या वर्षीची नोंद होती रमजानात रोजा धरणाऱ्या मधुमेही माणसांच्या गोळ्यांच्या वेळांवर. परभणीत माझ्या शेजारच्या चाचांना कुणी हे समजावलं नव्हतं, ते आठवून मी तो विषय घेतला.

मन्याडखोरे सर, तुम्ही वर जे मेथोट्रेक्सेटचं लिहिलंत, ती इथल्या नियमात बसणारी पूर्ण नोंद आहे. काय चुकलं, काय शिकलो, काय बदललं, रुग्णाला काय फायदा. तुम्ही कुणी न मागता केलीत.

सिंदफणा

हे मला पटलं. सह्या करून, जेवण करून सर्टिफिकेट घेण्यापेक्षा वर्षाला चार खऱ्या गोष्टी लिहायला सांगा. माझ्या मुलीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पप्पा, माझ्याकडं आत्ताच अकरा आहेत.

फळा_आणि_खडू

लिहिलेलं तपासणार कोण, हा प्रश्न येईलच. पण सुरुवात व्हायला हरकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. १९४८ चा कायदा जाऊन आयोग यावा असा त्यात विचार आहे. आपल्या भागातून किती जणांनी सूचना पाठवल्या? मी पाठवली नव्हती. पुढच्या वेळी असं काही आलं तर आपण या धाग्यावरच मसुदा तयार करू आणि त्यात पहिली मागणी मराठीतल्या प्रश्नपत्रिकेची ठेवू. औषधांची नावं इंग्रजीच राहू देत, प्रश्न मराठीत असावा. रुग्णाशी बोलायची भाषा मराठी, उर्दू, लमाणी असते, इंग्रजी कधीच नसते.

मन्याडखोरे

सगळ्यांचे आभार. रात्री दुकान बंद केल्यावर शांतपणे सगळं वाचलं.

@सिंदफणा, पगाराचा मुद्दा तुम्ही बरोबर मांडला. भाड्याच्या सर्टिफिकेटला नुसता दंड लावून भागणार नाही. शेजारच्या दोन खेड्यांतल्या दोन दुकानदारांनी मिळून एक फार्मासिस्ट ठेवला तरी त्याला दोन्हीकडं पूर्ण वेळ थांबता येत नाही, आणि नियमाला तो पूर्ण वेळ हवा. हे कोडं मला सुटलेलं नाही. पण इथल्या प्रत्येक दुकानदाराच्या घरात आज एखादी मुलगी किंवा सून शिकायला निघाली आहे. तुमच्या मुलीसारख्या पोरी गावातच राहून काउंटर धरतायत. या भागात हा बदल मी डोळ्यांनी बघतोय आणि माझी खरी आशा तिथं आहे. म्हणूनच @दुसऱ्या_वर्षाचीनं मैत्रिणीच्या लग्नाबद्दल लिहिलं ते मला फार लागलं. एक परीक्षा वाढली तर तिचा भार पोरांपेक्षा पोरींवर जास्त पडतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान लेकरं गेली. ती बातमी मला रात्री साडेदहाला मोबाइलवर कळली. मी आणि भाच्यानं शटर अर्धं खाली ओढून एकेक बाटली काढली, कंपनी आणि बॅच नंबर वाचला, वहीत उतरवला. आपल्याकडं ती बॅच नव्हती. पण ते करताना भाच्यानं विचारलं, "मामा, चार वर्षांखालच्या लेकराला हे दुसरं देता येतं का?" त्याच्या हातात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीच्या औषधांच्या मिश्रणाची बाटली होती. चार वर्षांखाली ते मिश्रण देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असं डिसेंबर २०२३ मध्येच केंद्रीय औषध नियंत्रकांनी कळवलं होतं. मला ते माहीत होतं, पण मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर दोन वर्षं तो काउंटरवर उभा राहतो आणि मी सांगितलं नव्हतं. पाचशे तासांच्या ट्रेनिंगच्या कागदावर सही करणारे आम्हीच आहोत. ते पाचशे तास फक्त गोळ्या काढून देण्यात गेले तर तो दोष परीक्षेचा नाही आणि कॉलेजचाही नाही.

तेरणाकाठच्या ताईंनी सुचवलेलं आम्ही करून बघतोय. आमच्या तालुक्यातल्या सात दुकानदारांशी बोललो. रविवारी दुपारी चार ते सहा, माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. सत्कार नाही, हार नाही. पहिल्या रविवारी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आणि इन्सुलिनच्या सिरिंज, एवढंच. दुसऱ्या रविवारी लहान मुलांची पातळ औषधं, चमच्याचं माप आणि मिलिलिटरचं माप. कौन्सिल हे तास मोजेल की नाही, नंतर बघू. @जुनं_खातं काका, पहिलं बोलायला तुम्ही. चाळीस वर्षांत चिठ्ठी वाचताना झालेली एखादी चूक सांगा, आम्ही सगळे सांगणार आहोत. @फळा_आणि_खडू सर, जमलं तर या, येण्याजाण्याचं आम्ही बघतो.

दुसऱ्या_वर्षाची

सर, विद्यार्थ्यांनी आलं तर चालेल का? आम्ही चौघी येऊ शकतो. रविवारी सहा वाजता नांदेडची एसटी मिळते.

मन्याडखोरे

या. साडेपाचलाच सोडतो, स्टँड जवळ आहे. मैत्रिणीला आणि जमलं तर तिच्या वडिलांनाही घेऊन ये.

तेरणाकाठची

मी पहिल्या रविवारी येते. दोन्ही टोप्यांच्या सिरिंज आणते. पाणी भरून रेघेपर्यंत प्रत्येकानं स्वतः ओढून बघायचं, पोरींनीसुद्धा.

जुनं_खातं

मला चष्मा लागतो. खोलीत उजेड बरा आहे ना?

मन्याडखोरे

आहे काका. खिडकी पश्चिमेला आहे, पाचपर्यंत ऊन असतं.